दर आठवड्याला फुटणारी अक्षरं: मराठी वेबकॉमिक काढणाऱ्यांसाठी समस्या निवारण

लक्षणं अशी. पट्टीचं चित्र झालं, रंग झाले, उद्या सकाळी टाकायची आहे. फुग्यात संवाद चिकटवला आणि 'शिट्टी'तली वेलांटी श च्या पुढे जाऊन बसली. ट्ट चे दोन सुटे ट झाले, त्यातल्या पहिल्याचा पाय मोडलेला. मग रात्री कुठल्या तरी दुसऱ्या ॲपमध्ये वाक्य टाइप करायचं, स्क्रीनशॉट काढायचा, भोवतालचा पांढरा भाग पुसायचा आणि फुग्यात बसवायचं. बसतं एकदाचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि अक्षरांचा आकार मागच्या पट्टीपेक्षा वेगळा, ते निराळंच.

याच्या खालोखाल ऐकू येणाऱ्या तक्रारी दोन: रेषेच्या कडेला राहणारी पांढरी किनार, आणि पोस्ट केल्यावर धूसर होणारं चित्र. तिन्हींवरचा इलाज तयार पट्टीवर केला की तो त्या पट्टीपुरताच राहतो. दर आठवड्याला ज्या कोऱ्या फाइलपासून सुरुवात करता ती फाइल आणि कामाचा क्रम, या दोन जागी हे दोष मुरलेले असतात. त्यामुळे खालचं सगळं एका सुट्टीच्या दिवशी बसून साच्याच्या फाइलीत करायचं आहे; पट्टी टाकायच्या आदल्या रात्री नाही.

आधी नेमकं काय फुटतंय ते बघा

'मराठी नीट दिसत नाही' या एका वाक्यामागे निदान चार वेगळे दोष असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. ते वेगळे करण्यासाठी एक चाचणी-वाक्य ठेवा. मी हे वापरते:

किर्र रात्री विठ्ठल आचाऱ्याने कुऱ्हाड घेऊन दऱ्याखोऱ्यांत शिट्टी वाजवली; क्षुद्र उंदराने ॲप उघडून ऑम्लेट मागवलं.

अर्थ शोधू नका. ऱ्हस्व वेलांटी, रफार, ठ्ठ आणि ट्ट, क्ष आणि द्र, ऱ्य आणि ऱ्ह, खालचे उकार, ॲ आणि ऑ हे सगळे एका दमात तपासले जावेत म्हणून ते जुळवलेलं आहे. आधी ते फोनच्या नोट्समध्ये किंवा ब्राउझरमध्ये चिकटवा. तिथे नीट दिसलं तर मजकूर शुद्ध आहे आणि दोष चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. मग तेच वाक्य तुमच्या चित्राच्या ॲपमध्ये टाका.

वेलांटी पुढे गेली, जोडाक्षरं सुटली

युनिकोडमध्ये 'कि' साठवला जातो तो उच्चाराच्या क्रमाने: आधी क, मग वेलांटी. वेलांटी उचलून क च्या डावीकडे नेणं, स-त-र जोडून 'स्त्र' करणं, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणं ही कामं दाखवण्याच्या वेळी होतात. ती अक्षरजुळणीचं इंजिन करतं आणि नियम फॉन्टमधून घेतं. सॉफ्टवेअरने हे इंजिन वापरलंच नाही तर अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक मांडली जातात. तुमच्या टायपिंगमध्ये काहीही चूक नसते. फॉन्ट बदलून बघण्यात लोक तासन्‌तास घालवतात, पण या दोषावर फॉन्ट बदलून काही होत नाही.

फोटोशॉपमध्ये उपाय सोपा आहे, फक्त आड जागी आहे. फोटोशॉप २०२१ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' या भागात अक्षरांच्या इंजिनाचा पर्याय असतो; त्यापुढच्यांत इंजिन वेगळं निवडावं लागत नाही. त्या पर्यायाचं नाव आधी 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' होतं, नंतर 'वर्ल्ड-रेडी लेआउट' झालं. तो निवडा. मग नवी फाइल उघडून त्यात टाइप करा, कारण आधीच्या फाइलीतल्या अक्षरांना जुनंच इंजिन चिकटलेलं असतं. 'साचा जुनाच, सेटिंग नवं' अशा अवस्थेत दर आठवड्याला दोष परत येतो तो इथून. जुन्या साच्यातला मजकुराचा लेयर निवडून पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (ओळी जुळवण्याची पद्धत) लावा, नाहीतर साचाच नव्याने बनवा. दुसरा पर्याय कमी कटकटीचा आहे. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या 'टाइप' भागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करावं लागतं, त्यानंतर पॅराग्राफ पॅनलमध्ये योग्य कंपोझर दिसू लागतो.

क्रिटा हे चित्रकलेचं फुकट सॉफ्टवेअर वापरत असाल तर आवृत्ती बघा. २०२३ साली आलेल्या ५.२ मध्ये अक्षरांच्या मांडणीचं इंजिन नव्याने लिहिलं गेलं. त्याआधीची आवृत्ती असेल तर बाकी काही करण्याआधी ती बदला. तरीही संवादाची मांडणी क्रिटात करण्याचा सल्ला मी देणार नाही. क्रिटा रंगवण्यासाठी आहे आणि त्यात ते फार चांगलं आहे. अक्षरांसाठी इंकस्केप हे वेक्टर चित्रांचं सॉफ्टवेअर घ्या. तेही फुकट आहे, आणि त्यातला मजकूर पँगो आणि हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या जोडीतून जातो, त्यामुळे देवनागरी पहिल्या दिवसापासून नीट बसते. गिंप हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअरही पँगोच वापरतं, पण तिथे अक्षरं हलवणं-मापणं इंकस्केपइतकं सुटसुटीत नाही.

ही दोन सॉफ्टवेअरं जोडायची कशी, तर अशी. इंकस्केपमध्ये पट्टीच्या मापाची फाइल उघडून फक्त संवाद आणि फुगे मांडा. पारदर्शक पार्श्वभूमीवर पीएनजी एक्सपोर्ट करा. क्रिटात तो पीएनजी 'फाइल लेयर' म्हणून सगळ्यांत वर ठेवा, मापाचा पर्याय 'स्केलिंग नको' असा. फाइल लेयरचा फायदा असा की बाहेरची फाइल बदलली की क्रिटातलं चित्र आपोआप ताजं होतं. शुद्धलेखनाची चूक सापडली तर इंकस्केपमध्ये दुरुस्त करा, त्याच नावाने पुन्हा एक्सपोर्ट करा, झालं. चित्राला हात लावायचा नाही. 'पेपर अँड कॅरट' हे २०१४ पासून क्रिटात रंगवलं जाणारं मुक्त परवान्याचं वेबकॉमिक याच तत्त्वावर चालतं. त्याचे संवाद चित्रापासून वेगळ्या एसव्हीजी फाइलीत असतात, म्हणूनच स्वयंसेवकांना चित्र न बिघडवता त्याची इतक्या भाषांत भाषांतरं करता आली.

एखाद्या ॲपमध्ये अक्षरजुळणीचा पर्यायच नसेल तर झगडत बसू नका. अक्षरं दुसरीकडे करून पारदर्शक पीएनजी आणा. हा काही कमी प्रतीचा मार्ग नाही.

वेलांटी ठीक, पण चौकोन येतात किंवा फॉन्ट 'सरकारी' दिसतो

ॲ च्या जागी रिकामा चौकोन आला तर फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. ॲ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधी बनलेल्या फॉन्टमध्ये ते मिळणार नाही. इथे मात्र फॉन्ट बदलणं हाच इलाज.

दुसरा प्रकार फसवा आहे. इंग्रजी कॉमिकसाठीचा एखादा झकास फॉन्ट निवडलात, त्यात देवनागरी अजिबात नाही, आणि सॉफ्टवेअर गुपचूप संगणकातला दुसरा फॉन्ट घेतं: विंडोजवर निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर. यादीत नाव तुमच्याच फॉन्टचं दिसतं. ओळखायचं कसं? इंग्रजी आकडे आणि उद्गारचिन्हं गंमतीदार, आणि अक्षरं मात्र तहसील कार्यालयातून आलेल्या नोटिशीसारखी, असं दिसलं की समजा.

देवनागरी असलेले आणि कॉमिकला शोभणारे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर पुरेसे आहेत, आणि मुक्त परवान्याचे असल्याने पुढे पुस्तक काढलं तरी अडचण येत नाही. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हाताने लिहिल्यासारखा आहे आणि तीन वजनांत मिळतो. संवादासाठी माझी पहिली पसंती तोच. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू' गुबगुबीत आणि आनंदी आहे, लहान मुलांच्या किंवा प्राण्यांच्या पट्टीला छान. त्यांचाच 'मोदक' इतका फुगलेला आहे की अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळजवळ बुजते. त्याचा उपयोग 'धप्प!' आणि 'फुस्स!' यांच्यापुरता, मोठ्या आकारात. त्यात चार ओळींचा संवाद टाकलात तर वाचणाऱ्याला चष्मा लागेल. डाउनलोड केलेल्या झिपमध्ये कधीकधी सगळी वजनं एकाच फाइलीत असलेला फॉन्ट आणि 'स्टॅटिक' नावाचं फोल्डर असं दोन्ही येतं. जुनं सॉफ्टवेअर पहिल्यातून एकच वजन दाखवतं. ठळक अक्षर सापडत नसेल तर स्टॅटिकमधले फॉन्ट बसवा.

ऱ्य चा घोटाळा

आचार्यांच्या घरी आचाऱ्यांचा संप, असा विनोद करायला गेलात आणि दोन्हीकडे सारखाच रफार आला तर विनोद मेला. ऱ्य साठी र नव्हे तर ऱ हे नुक्तावालं अक्षर, त्यापुढे पायमोड आणि मग य, असा क्रम लागतो. बहुतेक मराठी कीबोर्डवर ऱ हे र च्या दाबून धरलेल्या पर्यायांत किंवा शिफ्टच्या थरात असतं. हिंदी कीबोर्ड लावून मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. तिथे निवडलेली भाषा बदलणं हा पाच मिनिटांचा कायमचा उपाय आहे. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर काही फॉन्टमध्ये मराठी वळणही आत दडलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच ते बाहेर येतं. सगळीकडे ती सोय नाही. मनासारखं वळण थेट देणारा फॉन्ट निवडलेला बरा.

जुन्या फॉन्टचा शॉर्टकट

'श्रीलिपी किंवा कृतिदेव घे, कुठेही चालतं' असा सल्ला छापखान्याशी संबंध आलेला कोणीतरी देतोच. चालतं हे खरं आहे. या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. सॉफ्टवेअरला ते इंग्रजीच वाटतं, म्हणून जुळणीचा प्रश्नच येत नाही. पण दर आठवड्याला पट्टी टाकायची असेल तर हा मार्ग धरू नका. मित्राने व्हॉट्सॲपवर सुचवलेला संवाद त्यात चिकटत नाही. पट्टीखाली लिहायचा मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करावा लागतो. दोनदा टाइप केलेलं दोनदा तपासावं लागतं. आणि दोन वर्षांनी संगणक बदलला, तो फॉन्ट नाही, की फाइलीतले सगळे संवाद इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन समोर येतात. जुन्या पट्ट्यांचं संकलन करायला बसाल तेव्हा हे नक्की भोवेल.

जुळणी ठीक, तरी फुगा विचित्र दिसतो

इथून पुढचे दोष इंजिनाचे नाहीत, मांडणीचे आहेत. डिजिटल चित्रकलेचे बहुतेक धडे इंग्रजी किंवा जपानी कॉमिकसाठी बनलेले असल्याने हे त्यात सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिलंय.

पहिली गोष्ट, अक्षरांमधलं अंतर, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं 'ट्रॅकिंग', शून्यावर ठेवा. इंग्रजी धडा सांगतो, अक्षरं थोडी विरळ करा म्हणजे हवेशीर वाटतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर सुटी दांडी उरते. उणे केलं की दांड्या एकमेकींवर चढतात. जागा कमी पडली तर अक्षराचा आकार कमी करा किंवा शब्द कमी करा.

दुसरी, दोन ओळींमधलं अंतर. सॉफ्टवेअरचं स्वयंचलित अंतर साधारण आकाराच्या १२० टक्के असतं, आणि ते रोमन लिपीच्या हिशेबाने ठरलेलं आहे. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या मात्रा, रफार, अनुस्वार वर उठतात. 'कुरूप' च्या खाली 'मैत्री' आलं की दोघांची टक्कर. १४० ते १५० टक्क्यांपासून सुरुवात करा आणि फॉन्टप्रमाणे कमी-जास्त करा. हाच आकडा साच्यात कायमचा लिहून ठेवा, कारण हाताने दर वेळी जुळवलेलं अंतर दर आठवड्याला वेगळं येतं आणि वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते न कळता खटकत राहतं.

तिसरी, अक्षरांना बाहेरून पांढरी किंवा काळी किनार देताना. वेक्टर अक्षरांना स्ट्रोक लावला की दोन अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात तिथे उभी चीर दिसते. इंकस्केपमध्ये आधी प्रत काढून ठेवा, मग मजकुराचं पाथमध्ये रूपांतर करा, गट सोडवा आणि 'युनियन' करा. सगळा शब्द एकसंध आकार होतो आणि किनार स्वच्छ बसते. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलमधला स्ट्रोक संपूर्ण लेयरच्या बाह्यरेषेला लागतो, त्यामुळे तिथे चीर येत नाही.

चौथी, ओरडणं. इंग्रजीत मोठी लिपी वापरून आवाज चढवता येतो, आपल्याकडे तसा दुसरा अक्षरसंच नाही. वजन आणि आकार, दोनच हत्यारं. म्हणून तीन शैली ठरवून टाका: साधं बोलणं, ओरडणं, कुजबुज. साधं बोलणं मधल्या वजनात, ओरडणं ठळक आणि दीडपट, कुजबुज हलक्या वजनात आणि किंचित लहान. तिरपी अक्षरं टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टला खरं तिरपं वळण नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं ढकलून वाकवतं.

आणि ओळ तोडण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवू नका. फुगा अंडाकृती असतो, मजकुराचा चौकोन त्यात बसवला की कोपरे टेकतात. वरची ओळ लहान, मधल्या मोठ्या, शेवटची लहान, अशी हाताने तोडा, आणि अर्थाने तोडा. 'तुला सांगितलं होतं ना / की पाल चुकचुकली की / टोपी काढायची!' हे वाचताना आवाज ऐकू येतो. 'सांगितल्यावरसुद्धा'सारखा लांबलचक शब्द अरुंद फुग्यात आला तर शब्द मोडू नका. फुगा रुंद करा किंवा 'सांगूनसुद्धा' लिहा.

हे सगळं आधी करायचं. दर आठवड्याला जागा कमी पडण्याचं खरं कारण क्रम उलटा असणं हे आहे: आधी चित्र, मग उरलेल्या कोपऱ्यात संवाद. मात्रा-उकारांमुळे मराठी मजकुराला उभी जागा लागते, त्यामुळे उरलेला कोपरा जवळजवळ कधीच पुरत नाही. चौकटी आखल्या की लगेच संवाद खऱ्या फॉन्टमध्ये, खऱ्या आकारात मांडा, त्याभोवती फुगे आखा, आणि मग शिल्लक जागेत मांजर कुठे लोळणार ते ठरवा. मांजराला कुठेही लोळता येतं. हे जमत नसेल तर संवादच कमी करून बघा. शि. द. फडणिसांची बहुतेक हास्यचित्रं एकाही शब्दाशिवाय हसवतात, तेव्हा महिन्यातून एखादी पट्टी मुकी ठेवायला हरकत नाही. हाताला आणि डोक्यालाही सुट्टी मिळते.

संवाद स्वतःच्या अक्षरात लिहिणाऱ्यांसाठी एवढंच. रेषा स्थिर करणारं 'स्टॅबिलायझर' चित्रासाठी चालू असेल तर अक्षरांसाठी बंद करा किंवा अगदी कमी ठेवा. त्यात लहान वळणं गुळगुळीत होऊन 'क्ष' चा 'श' वाटायला लागतो. साच्यात प्रत्येक ओळीसाठी दोन फिक्या रेषा आखा, एक शिरोरेषेची आणि एक पायाची. त्याखेरीज वर मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा मोकळी राहू द्या.

पांढरी किनार

बादलीने रंग ओतला की काळी रेषा आणि रंग यांच्यामध्ये पांढऱ्या पिक्सेलचा बारीक धागा राहतो. कारण असं: रेषेची कड गुळगुळीत दिसावी म्हणून सॉफ्टवेअर कडेला अर्धपारदर्शक पिक्सेल ठेवतं. बादली पांढऱ्यावरून पसरत येते आणि हे करडे पिक्सेल 'वेगळे' म्हणून तिथेच थांबते. मग लोक छोटा ब्रश घेऊन तो धागा भरत बसतात, दर आठवड्याला, प्रत्येक चौकटीत.

रेषा एका लेयरवर आणि रंग तिच्या खालच्या लेयरवर ठेवा. बादलीला रंगाच्या लेयरवर ओतायला सांगा, पण हद्द रेषेच्या लेयरवरून वाचू द्या. आणि ओतलेला भाग दोन-तीन पिक्सेलने वाढवण्याचा पर्याय चालू करा. क्रिटात तो 'ग्रो' या नावाने बादलीच्या पर्यायांत आहे, क्लिप स्टुडिओमध्ये 'एरिया स्केलिंग'. रंग रेषेच्या खाली सरकतो आणि धागा दिसेनासा होतो. रेषेत फट असल्याने रंग बाहेर सांडत असेल तर क्लिप स्टुडिओत 'क्लोज गॅप' आहे, आणि गिंपच्या बादलीत रेषाचित्र ओळखून भरण्याचा पर्याय आहे. क्रिटाच्या 'कलराइझ मास्क'मध्ये प्रत्येक भागात रंगाचा एक फराटा मारला की बाकी भाग ते स्वतः भरतं. शिकायला एक संध्याकाळ जाते, पण बारीक पिसांचा कावळा किंवा गर्दीची चौकट असेल तर ती वसूल होते.

कागदावर काढून स्कॅन करणाऱ्यांकडे पांढरा कागद रेषेला चिकटूनच येतो. लेयर 'मल्टिप्लाय' केला तर पांढरं नाहीसं होतं, पण रेषेला नंतर रंग देता येत नाही. क्रिटा आणि गिंप दोन्हींत 'कलर टू अल्फा' आहे. पांढरा निवडा, कागद जातो आणि रेषा पारदर्शकतेवर उरते.

पोस्ट केल्यावर धूसर

इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० ही उभी चौकट धरा आणि काम तिच्या बरोबर तिप्पट, म्हणजे ३२४० बाय ४०५० वर करा. वेबटून या कॉमिकच्या संकेतस्थळावरच्या 'कॅनव्हास' विभागात रुंदी ८०० असते, तिथे २४०० वर काढा. पूर्णांकाच्या पटीत राहिलं की लहान करताना रेषा स्वच्छ राहते. लहान तुम्हीच करा, एकदाच आणि शेवटी. मोठी फाइल तशीच चढवली तर ते काम समोरचं संकेतस्थळ त्याच्या पद्धतीने करतं, वर पुन्हा दाबतं.

अक्षरांचा आकार आधी फोनवर मोजा. फोनचा पडदा साधारण ७ सेंटिमीटर रुंद, त्यात १०८० पिक्सेल, म्हणजे एका सेंटिमीटरला दीडशेच्या आसपास. शिरोरेषेपासून पायापर्यंत ४० पिक्सेल असलेलं अक्षर फोनवर जेमतेम अडीच मिलिमीटरचं दिसतं. याखाली जाऊ नका. तिप्पट कॅनव्हासवर हे १२० पिक्सेल होतात. मोठ्या पडद्यावर काम करताना ते बटबटीत वाटेल, वाटू द्या.

फक्त लाल अक्षरं किंवा लाल-निळ्याच्या कडाच धूसर होत असतील तर कारण जेपेग आहे. तो रंगाचे तपशील प्रकाशाच्या तपशिलांपेक्षा कमी बारकाईने साठवतो. काळं-पांढरं तगून राहतं, निळ्यावरचं लाल विरघळतं. अशा अक्षरांना काळी किंवा पांढरी किनार द्या. रंगच फिके पडत असतील तर फाइलचा कलर प्रोफाइल बघा: पडद्यासाठीच्या पट्टीला एसआरजीबी. आयपॅडवर डिस्प्ले पी३ मध्ये काढलेला झेंडूचा केशरी प्रोफाइल हरवला की मातकट होतो, आणि छपाईचा सीएमवायके साचा चुकून वापरला तर सगळीच पट्टी. व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पेनचा दाब अचानक जाणं

विंडोजच्या अपडेटनंतर हे होतं. जुन्या टॅबलेटचा ड्रायव्हर राहिलेला असेल तर आधी तो काढा, दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. क्रिटाच्या टॅबलेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक यांतला सध्या निवडलेला नसेल तो पर्याय निवडून क्रिटा बंद करून उघडा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

साचा

क्रिटात फाइल मेनूमध्ये चालू चित्रावरून टेम्प्लेट बनवण्याची सोय आहे. त्यात तळापासून वर असे लेयर ठेवा: पार्श्वभूमी, रंग, छाया, रेषा, चौकटींच्या कडा, आणि सर्वांत वर संवादाचा फाइल लेयर. रेषेच्या लेयरला हद्द म्हणून आधीच खूण करा. कॅनव्हास तिप्पट, प्रोफाइल एसआरजीबी. इंकस्केपच्या साच्यात तीन शैलींचे नमुने कॅनव्हासच्या बाहेर टाइप करून ठेवा, ओळींच्या अंतरासकट, म्हणजे दर वेळी नमुन्याची नक्कल करून फक्त शब्द बदलायचे. बाजूला ते किर्र रात्रीचं वाक्यही असू द्या. सॉफ्टवेअर किंवा फॉन्टची नवी आवृत्ती आली की आधी तिकडे नजर टाका. वेलांटी हलली असेल तर ते पट्टी टाकायच्या आदल्या रात्रीपेक्षा आधीच कळलेलं बरं. दोन्ही साच्यांच्या फाइलींना 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण करा, नाहीतर घाईच्या रात्री एखादी पट्टी साच्यावरच सेव्ह होते.